पाणी समितीत निम्म्या जागा, निर्णय मात्र इतरांचे

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात खाडीलगत आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया आहेत व मीही सदस्य आहे. परंतु बोअर कुठे मारायची, नळाला पाणी किती वाजता सोडायचे, हे गावातले पुरुष आणि गणपतीला आलेले चाकरमानी ठरवतात; आम्हांला सहीपुरते बोलावले जाते. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, ही निम्मी जागा कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांतच १० ते १५ सदस्यांच्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे.

मला अधिक घातक वाटते ती बैठकीची वेळ. भाद्रपदात विहिरी तुडुंब असतात, त्यामुळे त्या दिवसांत आखलेली योजना भरल्या पाण्याचा हिशेब धरते. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून तो बघता बघता समुद्राला मिळतो व चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. कोणता झरा तेव्हाही जिवंत राहतो आणि बेसुमार उपशाने कोणत्या बोअरचे पाणी मचूळ होते, हे हंडा घेऊन जाणाऱ्या बाईलाच आधी कळते. म्हणून जागा ठरवणारी बैठक मे महिन्यात, विहिरीपाशीच घ्यावी, असा आग्रह धरा. सुट्टीत चाकरमानीही आलेले असतात, तेव्हा त्यांची अडचण होणार नाही.

त्याआधी माघापासून दर आठवड्याला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाण्याची पातळी तारखेसह वहीत लिहा. तोंडी तक्रार झटकता येते, अशी वही झटकणे अवघड जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे; ती वही तिथे वाचून ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. नळाच्या वेळेचा ठरावही तिथेच मांडा, कारण पाणी भरण्यासाठी कोणाची मजुरी बुडते, हे त्याच सभेला ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पावसाळा संपताच वनराई बंधाऱ्यांसाठी सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरायच्या वेळी श्रमदान म्हणून बायकांना हाक मारतात, पण व्हॉल्व्ह फिरवण्याचे आणि पंप दुरुस्तीचे मानधनाचे काम पुरुषांकडे जाते. मिशनमध्ये पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण गावातील पाच स्त्रियांना देण्याची तरतूद आहे. त्याच धर्तीवर पाणी सोडण्याचे काम पाणीपट्टीतून मानधन ठरवून तुमच्यापैकी एकीकडे द्यावे, अशी मागणी याच ठरावात घाला.