आधी रोटिफर लावा, अंड्यांचं नंतर बघू

ताई, बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. ओसेलारिस क्लाउनफिशच्या (खाऱ्या पाण्यातला केशरी-पांढरा मासा) जोडीने टाकीतल्या कुंडीच्या आत तिसऱ्यांदा अंडी घातली. पिल्लं निघतात, पण तिसऱ्या दिवशी सगळी तळाला. पाणी तपासलं, ठीक आहे. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक आणि कुस्करलेले फ्लेक दिले होते.

पिल्लं उपाशी मेली, ताई. गोड्या पाण्यातल्या काही माशांची पिल्लं बलकावर निभावतात, ही नाही निभावत. पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं. पोटातली शिदोरी एक-दीड दिवस पुरते आणि समोर काही हलल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. बलक हलत नाही, नुसता कुजतो. मीही पहिल्या वेळी मलमलीतून गाळून बलकच दिला होता. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि घरच्यांनी नाकाला पदर लावला.

त्यांना लागतो जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यात पोहणारा सूक्ष्म जीव, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा किंवा त्याहूनही लहान. खरं सांगायचं तर क्लाउनफिशची पैदास म्हणजे रोटिफरची शेती, मासे जोडधंदा. अंड्यांची काळजी नर घेतोच. पंखांनी वारा घालतो, खराब झालेली अंडी खाऊन टाकतो. आपलं काम त्याआधी किमान दोन आठवडे सुरू व्हायला हवं.

पाच-दहा लिटरची बादली, खारं पाणी, हवेच्या पंपाची उघडी नळी (एअर स्टोन नको, बारीक बुडबुड्यांनी फेस होतो) आणि खायला नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शेवाळ. पाणी फिकट हिरवं ठेवायचं. हिरवेपणा गेला की खाऊ संपला. रोज थोडं पाणी बारीक जाळीतून गाळून रोटिफर काढायचे आणि तेवढंच ताजं पाणी घालायचं. विरजणासारखं एक भांडं कायम बाजूला ठेवा, कारण कल्चर (बादलीतली रोटिफरची पैदास) कधीतरी बसतंच, आणि बसतं ते नेमकं अंडी फुटायच्या आदल्या दिवशी. चहाच्या काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेऊन मागून टॉर्च मारा. धुळीसारखे पांढरे ठिपके गिरक्या घेत पळताना दिसले की कल्चर जोमात आहे. ठिपके नुसतेच तरंगत असतील तर गडबड आहे.

यीस्टवरही रोटिफर वाढतात, स्वस्तातही पडतं. माझी दुसरी बॅच त्याच रोटिफरवर नवव्या दिवसापर्यंत पोचली आणि एका रात्रीत गेली. यीस्टमध्ये पिल्लांना लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं नसतात. पोट भरतं, पण रूप पालटायच्या वेळी ताकद पुरत नाही.

आता अंडी. पहिल्या दिवशी केशरी, मग काळपट होतात, आणि शेवटी प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळे चमकू लागतात. २७-२८ अंशांना साधारण सातव्या-आठव्या रात्री, दिवे गेल्यावर तास-दोन तासांत फुटतात. डोळे चंदेरी दिसले की त्या संध्याकाळी कुंडी पाण्याखालूनच एका भांड्यात घ्या आणि वेगळ्या टाकीत ठेवा. पाणी जुन्याच टाकीतलं. कुंडीजवळ बुडबुडे सोडा, नराच्या पंखांचं काम ते करतात. पिल्लं आधीच निघाली असतील तर कोपऱ्यात टॉर्च धरा, उजेडाकडे गोळा होतात, मग मगने उचला. जाळी अजिबात नको.

पिल्लांच्या टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावा, नाहीतर चमकणाऱ्या काचेवर डोकं आपटत बसतात. पाणी फिकट हिरवं, दर मिलिलिटरला पाच-दहा रोटिफर. रोटिफर भरपूर असले तरी अमोनिया वाढतो, म्हणून रोज तळ पुसून थोडं पाणी बदला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून नुकतं फुटलेलं आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) थोडं थोडं, पण रोटिफर लगेच बंद करू नका. आठव्या ते बाराव्या दिवसात पिल्लं तळाकडे येतात आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. इथे पुन्हा मरतूक होते, घाबरू नका. तिसऱ्या बॅचला माझी तीनशेतली चाळीस राहिली आणि मी पेढे वाटले.

दुसरा प्रश्न, निळा टँग माशाची पैदास घरी होईल का? विसरा. तो अंडी चिकटवत नाही, पाण्यात सोडून देतो, आणि पिल्लू इतकं बारीक की रोटिफरही तोंडात मावत नाही, कोपेपॉड या सूक्ष्म समुद्री जिवाची पिल्लं लागतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला ते २०१६ मध्ये जमलं. बदल हवाच असेल तर बांगाई कार्डिनल मासा घ्या. त्याचा नर अंडी तोंडात उबवतो आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. फक्त पैदाशीतलेच विकत घ्या, इंडोनेशियातल्या त्यांच्या बेटांजवळ ते पकडून पकडून धोक्यात आलेत.

तुमची जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालेल. रोटिफरचं बियाणं माझ्याकडून न्या, डोंबिवलीला यावं लागेल. बाटली अर्धीच भरायची, वर हवा लागते, आणि गाडीत उन्हात ठेवायची नाही.