नोकरी गेली, घरात आजारपण; तरी देवाची स्तुती करायची म्हणजे खोटेपणा नाही का?

नाही, पण तुम्हाला तसं का वाटतं ते मला कळतं. येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' 'स्थितीत' म्हटलंय, 'स्थितीबद्दल' नाही. आजाराबद्दल आभार मानायला देव सांगत नाही.

फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गाणी गात होते. भूकंप होऊन दारं उघडली ती त्यानंतर. गाताना सुटकेची काही खात्री नव्हती, हे मला फार मोठं वाटतं.

आणि रडायची मुभा आहेच. बायबलमधलं स्तोत्र १३ 'किती वेळ?' असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

बाबांचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा आम्ही ठाण्यात खोपटला राहायचो. आई रोज रात्री कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने एक ओळ लिहायची: 'आज रिक्षा लगेच मिळाली', 'यांनी अर्धी भाकरी खाल्ली'. काही चौकटी कोऱ्याच राहिल्या. रविवारी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये तिला गाता यायचं नाही, गळा दाटायचा. शेजारच्या मावशी गायच्या, आई नुसती त्यांचा हात धरून उभी राहायची. तीही स्तुतीच होती, असं मी मनापासून मानतो.

आज झोपण्यापूर्वी एकच ओळ लिहून बघा. काहीच सुचलं नाही, तर देवाला तेच सांगा.