चार डिस्कचा सर्व्हर आणि बॅकअपची जागा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत प्रॉक्समॉक्सवर (एका यंत्रात अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली) चालणारा एकच सर्व्हर आहे. त्यावर हिशेबाचा डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि हजेरी अशी तीन व्हर्च्युअल मशीन आहेत. एकूण डेटा सुमारे दीड टीबी. ४ टीबीच्या चार नव्या हार्ड डिस्क घेतल्या आहेत. रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी डिस्कची एकत्र जोडणी) करून १२ टीबी जागा मिळवावी आणि त्यातच रोज रात्री स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घ्यावा, वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असे पुरवठादार सांगतो. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सल्ल्याचा उत्तरार्ध साफ चुकीचा आहे. रेड तुम्हाला डिस्क बिघडण्यापासून वाचवते. कोणी चुकून फोल्डर पुसला किंवा रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर तो बदलही ती तितक्याच इमानेइतबारे सर्व डिस्कवर उतरवते. स्नॅपशॉट अपडेटपूर्वी जरूर घ्यावा, परंतु तो त्याच डिस्कवर राहत असल्याने त्या गेल्या की तोही जातो.

पूर्वार्धही तुमच्या कामाला साजेसा नाही. रेड ५ मध्ये लहानशा नोंदीसाठीही जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरील डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) वाचून दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात, म्हणजे एका लेखनामागे चार क्रिया होतात. आणि डेटाबेस दिवसभर नेमके असेच बारीक लेखन करीत असतो. शिवाय एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क अखेरपर्यंत वाचूनच नवी भरता येते, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सारेच गेले. त्यापेक्षा झेडएफएस या डिस्क सांभाळणाऱ्या प्रणालीत दोन मिरर जोड्या (जोडीतील दोन्ही डिस्कवर तोच डेटा) कराव्यात. जागा ८ टीबी मिळेल, आणि पूल (ही एकत्रित जागा) ८० टक्क्यांपुढे भरू दिला नाही तरी दीड टीबीसाठी ती पुष्कळ आहे. सर्व्हरमध्ये रेड कार्ड (रेडची जोडणी स्वतःच करणारे कार्ड) असेल, तर झेडएफएसला डिस्क थेट दिसतील अशी व्यवस्था आधी करून घ्यावी.

बॅकअपचे साहित्य घेण्यापूर्वी व्यवस्थापकांना विचारावे की किती तासांच्या नोंदी व्हाउचरवरून पुन्हा करता येतील आणि काउंटर किती वेळ बंद ठेवता येईल. पहिल्याचे उत्तर ‘एक तास’ आले, तर रात्रीचा बॅकअप अपुरा ठरतो आणि डेटाबेसच्या लॉगचा (बदलांच्या नोंदींचा) दर तासाला बॅकअप घ्यावा लागतो.

रात्रीच्या बॅकअपसाठी, पुरेशा डिस्क बसवलेल्या एखाद्या जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवावा. पहिल्या खेपेनंतर तो केवळ बदललेले भाग घेतो, त्यामुळे महिन्याभराच्या प्रतीही बेताच्या जागेत मावतात. प्रत्येक मशीनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (बॅकअपच्या क्षणी डिस्कवरील लेखन नीट थांबवणारा छोटा प्रोग्रॅम) चालू असावा. तो नसेल तर मिळणारी प्रत, धावत्या संगणकाची वायर उपटल्यावर डिस्कवर जे उरेल, त्या अवस्थेतील असते. मुख्य सर्व्हरला या संगणकावर बॅकअप टाकण्याचीच परवानगी द्यावी, पुसण्याची मुळीच नाही. बॅकअपच्या संगणकाला डोमेनमध्येही (सर्व संगणकांच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) घेऊ नये, कारण हल्लेखोराच्या हाती ॲडमिनचा पासवर्ड लागला की तो आधी बॅकअपच शोधतो.

तिसरी प्रत इमारतीबाहेर, एखाद्या दुसऱ्या शाखेत हवी. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या शहरात हे अधिक सांगायला नको. मात्र ती शाखाही पूररेषेबाहेर असावी. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून तासाला जास्तीत जास्त ४५ जीबी जातात, म्हणजे दीड टीबीला ३३ तास लागतील. म्हणून दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून आठवड्याला नेणे बरे. त्या एन्क्रिप्ट केलेल्या असाव्यात आणि किल्लीची छापील प्रत तिजोरीत ठेवावी. किल्ली केवळ सर्व्हरवर असली, तर सर्व्हर गेल्यावर त्या डिस्क निरुपयोगी होतात.

महिन्यातून एकदा डेटाबेसचे मशीन नव्या क्रमांकाने रिस्टोअर करावे. सुरू करण्यापूर्वी त्याचे नेटवर्क कार्ड जाळ्यापासून तोडावे, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन जाळ्यात येतील. मग त्यातील शेवटचा व्हाउचर क्रमांक बॅकअपच्या रात्रीच्या रोजकीर्दीशी ताडून पाहावा आणि लागलेला वेळ व्यवस्थापकांनी सांगितलेल्या वेळेत बसतो का, हे नोंदवून ठेवावे.