शीलाच्या पुरस्कारासाठी नावं निवडताना

प्रिय,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

शाळेच्या शीलगुण पुरस्कारांची यादी यंदा तुझ्याकडे आहे आणि सहनशीलतेपुढे एकही नाव सुचत नाही, असं तू लिहिलंस. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातले (5:22-23) आत्म्याच्या फळाचे, म्हणजे प्रीती, आनंद, सहनशीलता असे नऊ गुण घ्यायचे आणि प्रत्येकापुढे एक मूल बसवायचं, असं केलं की हे व्हायचंच. मग जे मूल कुणाला त्रास देत नाही, त्याचं नाव लागतं. पण गप्प बसणारं प्रत्येक मूल सहनशील नसतं. काही मुलं नुसती घाबरलेली असतात, आणि आपण त्या भीतीलाच पदक देऊन बसतो.

म्हणून आधी कृती टिप, गुणाचं नाव मागाहून. माझ्या वर्गात एक मुलगी होती, अखंड बडबडी, रोज कुणाची ना कुणाची बोलणी खाणारी. गणिताचे पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच आली, पेपर टेबलावर ठेवला आणि बेरजेवर बोट टेकवून म्हणाली, "बाई, इथे चार जास्त झालेत." ते चार गुण गेले आणि तिचा नंबरही खाली आला. शीलाच्या यादीत तिचं नाव कुणाच्या मनातही आलं नसतं. 'मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो' हे देवाला शमुवेल संदेष्ट्यालाही सांगावं लागलं होतं. आपल्याला तर रोज आठवायला हवं.

तुझी दुसरी शंका मला फार मोलाची वाटते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू दानधर्माबद्दल म्हणतो, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मग आपण व्यासपीठावर टाळ्या का वाजवायच्या? मला वाटतं, तो इशारा लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करणाऱ्याला आहे. दुसऱ्याचं चांगलं पाहून ते बोलून दाखवायला तिथे मनाई नाही. रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय पुन्हा वाच. तिथे प्रेषित पौल माणसांची नावं घेतो आणि त्यांनी काय केलं तेही सांगतो: फिबीने पुष्कळांना साहाय्य केलं, मरीयेने खूप श्रम घेतले, प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. तुझ्या प्रशस्तिपत्रकाची भाषा तशी हवी. 'उत्तम आचरणाबद्दल' हे छापील वाक्य कुणालाही चिकटतं. 'गटातल्या मागे पडलेल्या मित्राला समजेपर्यंत तू थांबलास' हे एकाच मुलाचं असतं.

मात्र बक्षिसाची आधीपासून दवंडी पिटू नकोस. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढलीत तर प्रशस्तिपत्रक मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते न सांगता मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. चांगुलपणाच्या बाबतीत मला ही भीती जास्तच वाटते.

आणखी एक. प्रार्थनेत कुणाचा आवाज मोठा, कुणाला वचनं जास्त पाठ, यावरून शील ठरवू नकोस. पाठांतराचं बक्षीस वेगळं असू दे. वर्गात दुसऱ्या धर्माची मुलं असतील तर त्यांच्याकडेही त्याच नजरेने पाहा. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या, दुसऱ्या समाजातल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपणच तर त्यांना शिकवतो.

यादी पक्की करण्याआधी शिपाई, बसचालक आणि ग्रंथपाल यांना भेट. कुणाचं नाव घ्यावंसं वाटतं असं विचारू नकोस, ते भिडेखातर हुशार मुलांचीच नावं सांगतील. या महिन्यात काय पाहिलं, एवढंच विचार आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. तो कागद मला पाठव, मग सहनशीलतेचं बघू.

तुझ्या,
बाई