शब्द घोकण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेच्या गणिताची काळजी नाही, पण इंग्रजी शब्दांच्या याद्या पाहिल्या की धडकी भरते, असे तू लिहितेस. सहा आठवड्यांत अकराशे शब्द पाठ करूनही सराव परीक्षेतले गुण जागचे हलले नाहीत, हे वाचून मला नवल वाटले नाही. वाईट मात्र वाटले, कारण एके काळी मीही याच वाटेने गेले होते.

मी परीक्षा दिली त्या काळी तिच्यात विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्यांमधला संबंध ओळखा, असे सुटे प्रश्न येत आणि त्यांच्यासाठी घोकंपट्टी थोडीफार कामी येई. ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. आजच्या परीक्षेत कोणताही शब्द तुझ्यासमोर एकटा येत नाही, तो वाक्यात बसूनच येतो. एक ते तीन गाळलेल्या जागांचा उतारा असतो, आणि त्यातील सर्व जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात, ज्यांच्यामुळे वाक्याचा अर्थ एकच राहील. शाब्दिक विभागातील उरलेले सुमारे निम्मे प्रश्न उताऱ्याच्या आकलनाचे असतात. म्हणजे परीक्षा जे विचारतच नाही, त्याच्या तयारीत तुझे सहा आठवडे गेले आहेत.

एक उदाहरण देते. असे वाक्य समज: ‘समितीने अहवालाचे स्वागत केले खरे, पण ते स्वागत ____ होते; प्रत्येक स्तुतीच्या पाठोपाठ एक अट जोडलेली होती.’ पर्यायांमध्ये ‘क्वालिफाइड’ हा शब्द आहे. तुझ्या वहीत त्याच्यापुढे ‘पात्र’ असे लिहिलेले असणार, म्हणून तू तो क्षणात बाजूला सारशील आणि एखाद्या अनोळखी, भारदस्त शब्दावर बोट ठेवशील. उत्तर मात्र ‘क्वालिफाइड’ हेच आहे, कारण एखाद्या विधानाला अटी घालून त्याची व्याप्ती कमी करणे हाही ‘क्वालिफाय’ या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे. अवघड शब्दांइतकेच असे ओळखीचे वाटणारे शब्द घात करतात. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजे निर्बंधही. ‘चेक’ म्हणजे तपासणे आणि आवर घालणेही. ‘टेंपर’ हे क्रियापद म्हणून आले की सौम्य करणे. यांच्यासाठी वहीत वेगळी पाने ठेव.

ही वाक्ये सोडवताना पर्यायांकडे आधी पाहू नकोस. वाक्य कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहा. ‘जरी’, ‘तथापि’, ‘किंबहुना’ या अर्थाचे इंग्रजी शब्द कुठे आहेत, अर्धविरामानंतरचा भाग आधीच्या भागाचे स्पष्टीकरण देतो की त्याला छेद देतो, हे ठरव आणि रिकाम्या जागी आधी आपला साधा मराठी शब्द घाल. वरच्या वाक्यात तुला ‘हातचे राखून केलेले’ असे सहज सुचले असते. त्यानंतर पर्याय पाहिलेस, तर भारदस्तपणाला भुलण्याचे कारणच उरत नाही.

मराठीमुळे आपण मागे पडतो, असे तुला वाटते. मला ते मुळीच पटत नाही. माघार न घेणाऱ्या माणसाला आपण ठाम म्हणतो, चिवट म्हणतो, जिद्दी, हट्टी, हेकट, दुराग्रही असेही म्हणतो. आपल्या आजोबांना तू ठाम म्हणशील, हेकट म्हणताना जीभ चाचरेल. हा फरक तुला कोणी शिकवला नाही. तो शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणत्या सुरात वापरतो हे ऐकून तुला कळला. ‘रेझोल्यूट’, ‘टेनेशियस’, ‘ऑब्स्टिनेट’ आणि ‘ऑब्ड्युरेट’ यांच्यातही असाच फरक आहे, आणि या चौघांपुढे ‘हट्टी’ एवढेच लिहून ठेवले, तर तो सगळा पुसला जातो. म्हणून प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिही: तो स्तुतीचा की निंदेचा, तो माणसाविषयी येतो की विचाराविषयी की वस्तूविषयी, आणि त्याचे स्वतः रचलेले एक वाक्य. वाक्य तुझ्या घरातले, बसस्थानकावरचे, प्रयोगशाळेतले असू दे. शब्दकोशातून उतरवून घेतलेले नको.

शब्दांच्या मुळांविषयी तू विचारले आहेस. मुळे उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. लॅटिनमधील ‘ॲनिमस’ म्हणजे मन. भाषाशास्त्राप्रमाणे त्याचा आणि आपल्या ‘प्राण’ शब्दातील ‘अन्’ धातूचा उगम एकच आहे. त्यावरून ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे मोठ्या मनाचा आणि ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता, हे आपल्याला चटकन उमगते. त्याच घरातला ‘प्यूसिलॅनिमस’ घेतला, तर मुळाप्रमाणे तो ‘फार लहान मनाचा’ होतो आणि मराठी माणूस लगेच ‘कोत्या मनाचा’ असा अर्थ लावतो. इंग्रजीत त्याचा अर्थ भित्रा, कच खाणारा असा आहे. ध्वनीच्या साम्याचेही तेच. ‘एनर्व्हेट’ हा शब्द ‘एनर्जी’च्या जवळचा वाटून मी कित्येक महिने त्याचा अर्थ ‘जोम आणणे’ असा धरून बसले होते आणि परीक्षेतही तसाच वापरून आले. त्याचा अर्थ आहे गलितगात्र करणे. ‘रेस्टिव्ह’ विश्रांत नसतो, बेचैन असतो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती. रस नसलेला तो ‘अनइंटरेस्टेड’.

आता वेळापत्रक. रोज दहाच शब्द घे, आणि ते दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा भेटतील अशी व्यवस्था कर. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेल्यातील बराचसा भाग पहिल्याच दिवसात निसटतो आणि विखुरलेली उजळणी एका बैठकीतील उजळणीपेक्षा अधिक टिकते. उजळणी करताना अर्थ झाकून ठेव आणि आठवण्याचा खटाटोप कर. उघड्या पानावरून नजर फिरवली की सगळे येते असे वाटते आणि परीक्षेच्या खोलीत काहीच येत नाही.

रोज अर्धा तास वाचनासाठी बाजूला काढ, त्यात तडजोड करू नकोस. विज्ञान, इतिहास, कलासमीक्षा, अर्थकारण यांवरचे सलग इंग्रजी लेख घे आणि प्रत्येक परिच्छेदानंतर लेखक काय सांगतो आहे ते दोन मराठी वाक्यांत लिहून काढ. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा एक तास अठ्ठावन्न मिनिटांची झाली आहे. शाब्दिक विभागात पहिल्या १२ प्रश्नांना १८ मिनिटे आणि पुढच्या १५ प्रश्नांना २३ मिनिटे मिळतात. पहिला भाग कसा सोडवलास, त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट मिळत असताना लांब वाक्य एका दमात वाचण्याची सवय नसेल, तर पाठ असलेले शब्दही मदतीला येत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे कोणताही प्रश्न कोरा सोडू नकोस.

तुझी अकराशे शब्दांची वही टाकून देऊ नकोस. तिच्यातील जे शब्द ओळखीचे म्हणून तू भरभर ओलांडलेस, त्यांपासूनच सुरुवात कर. पंधरा दिवसांनी नव्या वहीची पहिली काही पाने छायाचित्रे काढून मला पाठव. तुझी वाक्ये मी तपासून देईन. चुकलेली वाक्ये खोडू नकोस, मला तीच आधी पाहायची आहेत.

तुझी हितचिंतक