नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधला नेटवर्कचा वेगळा, स्वतंत्र कप्पा) लो, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा लूपबॅक इंटरफेस, डाऊन (बंद) का असतो? १२७.०.०.१ ला पिंगसुद्धा लागत नाही. कर्नलचा बग आहे का?

बग नाही. नेमस्पेस तयार होताना लिनक्स कर्नल त्यात लो घालून देतो, पण अप करत नाही. अप-डाऊन ठरवणं युजरस्पेसचं (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमचं) काम, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. तुमच्या मशीनवर बूट झाल्या झाल्या लो चालू दिसतो तोसुद्धा सिस्टमडीने (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) नाहीतर डिस्ट्रोच्या स्क्रिप्टने अप केलेला असतो.

हाच ‘बग’ एका जुन्या टीममध्ये आमच्या सीनियरने लावून धरला होता. आमच्या टेस्ट ‘अनशेअर’ कमांडने काढलेल्या कोऱ्या नेमस्पेसमध्ये चालायच्या. सर्व्हर १२७.०.०.१ वर बाइंड करायला गेला की ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. साहेबांनी पत्ता ०.०.०.० (म्हणजे मशीनचा कुठलाही पत्ता) केला. सर्व्हर उठला, लॉगमध्ये ‘लिसनिंग’ आलं, तिकीट बंद! मग क्लायंट कनेक्ट करायला गेला तर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’. आता म्हणे फायरवॉल. अहो, नव्या नेमस्पेसचे आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम वेगळे आणि सुरुवातीला रिकामे, अडवणार कोण? मी ‘आयपी अ‍ॅड्र’चं आउटपुट समोर ठेवलं: एकटा लो, स्टेट डाऊन, खाली एकही पत्ता नाही. १२७.०.०.१/८ कर्नल लावतो, पण लो अप झाल्यावर. तरी पालुपद चालूच, “डॉकरमध्ये तर चालतं ना?” चालणारच. डॉकरचा कंटेनरही नेमस्पेसमध्येच चालतो, पण तो उभा करताना लो अप करून दिलेला असतो. सीएनआयमध्ये (कंटेनरना नेटवर्क जोडून देणाऱ्या प्लगिनच्या व्यवस्थेत) तर एवढ्याशा कामाला वेगळा लूपबॅक प्लगिन आहे. टेस्टमधले पत्ते बदलत बसण्यापेक्षा सेटअप स्क्रिप्टमध्ये, नेमस्पेसच्या आत, ‘आयपी लिंक सेट लो अप’ ही एक ओळ टाका. आमच्याकडे ती टाकायला मीटिंग घ्यावी लागली.

आणि “आम्हाला लूपबॅक लागतच नाही” म्हणणाऱ्यांनी व्हीईथ (दोन नेमस्पेसमधली आभासी केबल) जोडून आतल्या टोकाला १०.०.०.२ हा पत्ता देऊन बघावं. बाहेरून १०.०.०.२ ला पिंग मस्त लागतो, आतून स्वतःच्याच १०.०.०.२ ला लागत नाही. स्वतःच्या पत्त्यावरची पॅकेट लोवरूनच जातात, आणि लो डाऊन असला की गुपचूप ड्रॉप होतात.

हो, लो अप करायला त्या नेमस्पेसमध्ये नेट-अ‍ॅडमिनची कॅपेबिलिटी (नेटवर्क बदलायची परवानगी) लागते. रूट नसाल तर युजर नेमस्पेससकट अनशेअर करा. बबलरॅप (प्रोग्रॅम सँडबॉक्समध्ये चालवणारं टूल) किंवा सिस्टमडीचं प्रायव्हेटनेटवर्क हे सेटिंग वापरत असाल तर काहीच करू नका, ते स्वतःच लो अप करतात.