कराडहून कन्याकुमारी: ६६ नंबरचा रस्ता कुठे गाठावा

तुम्ही विचारलंय की कराडहून गाडीने कन्याकुमारीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, तर राष्ट्रीय महामार्ग ६६ (पनवेल ते कन्याकुमारी) 'पहिल्यापासून' करण्यासाठी पनवेलला जाऊन सुरुवात करावी का. करू नका. पनवेल म्हणजे उलट दिशेला सुमारे २७५ किमी. तिथून परत २०० किमी खाली आलात की लागणार चिपळूण, जे कराडहून सरळ ९५ किमीच्या आसपास आहे. बरं, एवढ्या वळशात समुद्रही दिसत नाही.

पनवेल ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी हा रस्ता 'किनारी' नावालाच आहे. कोकणात पावलोपावली खाडी आडवी. मुखाशी तिचं पात्र अफाट, आत सरकलं की पूल टाकण्याजोगं. म्हणून रस्ता महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण असा आतून गेला. भरतीच्या पाण्यावर गलबतं जिथवर चढायची, ती ही जुनी बंदरं. घाटावरचा माल तिथे जायचा, म्हणून आपले घाटही तिकडेच उतरतात: कुंभार्ली चिपळूणकडे, अणस्कुरा राजापूरकडे, भुईबावडा खारेपाटणकडे. लाटांच्या कडेने जाणारा तो रेवस–रेडी सागरी महामार्ग, तो वेगळा. त्यावर दाभोळ, जयगडसारख्या खाड्या आजही फेरीबोटीत गाडी चढवून ओलांडतात. हौस असेल तर तो स्वतंत्र करा, कन्याकुमारीच्या प्रवासात घुसडू नका.

नंबरांचा घोळही सांगून ठेवतो. २०१० साली क्रमांक बदलले. त्याआधी पनवेल ते कोचीजवळचं एडपल्ली हा १७ नंबर होता आणि पुढचा कन्याकुमारीपर्यंतचा तुकडा ४७ नंबरमध्ये मोडायचा. दोन्ही जोडून आजचा ६६ झाला, एकूण सुमारे १,६०० किमी. जुन्या नकाशात १७ दिसला तर गोंधळू नका.

आता उतरायचं कुठून. कुंभार्ली हा सरळ पर्याय: कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी उंब्रजलाच वळून मल्हारपेठ गाठावं, कराडात शिरायचं कारण नाही. याचा मोठा फायदा म्हणजे कशेडी आणि परशुराम हे दोन्ही घाट तुमच्या उत्तरेला राहतात. परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर उभा कापला, त्याचा पायथ्याचा आधार गेला, आणि माती पाणी प्यायली की दरड रस्त्यावर येते. महाडचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, तोही उत्तरेलाच. तिथे पुढच्याच वर्षी नवा पूल झाला.

पण चिपळूणच्या दक्षिणेला आरवली, संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा हा पट्टा सगळ्यात रखडलेला. पनवेल–इंदापूर (रायगडमधलं) चौपदरीकरण २०११ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सुरू केलं. खालचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या ठेकेदारांना. त्यामुळे गुळगुळीत काँक्रीटवर ८० ने जाताना अचानक अर्धवट उड्डाणपूल आणि त्याच्या पायाशी खडीचं वळण येतं. वळणावर दिवे असतीलच असं नाही, समोरून उलट दिशेची दुचाकी मात्र नक्की येते. हा पट्टा उजेडातच काढा.

तो टाळायचा असेल तर कराड, उंडाळे, शेडगेवाडी, कोकरूड, मलकापूर, मग येळवण जुगाईवरून अणस्कुरा उतरून ओणीला महामार्गाला लागा. ओणी लांज्याच्या खाली आहे, म्हणजे वरची सगळी कटकट वाचते. मॅपमध्ये मात्र मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं निवडा. नुसतं 'मलकापूर' टाकलंत तर कराडला चिकटलेलं मलकापूर दाखवेल आणि घराशेजारीच पोहोचल्याचं सांगेल. अणस्कुरा अरुंद आणि तीव्र उताराचा आहे. पावसाळ्यात तो नको, तेव्हा कुंभार्लीच बरा. सांगलीकरांनी कोल्हापूरवरून आंबोली धरावी, थेट सावंतवाडीला उतरता येतं.

घाट उतरताना दुसरा गिअर सोडू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमध्ये टाकून खालचा गिअर धरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की पॅड तापतात, जळका वास येतो. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल मऊ होऊन आत जायला लागतं. असं झालं तर सुरक्षित जागी वीसेक मिनिटं थांबा, चाकांवर पाणी मारू नका. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. टायरची हवा सकाळी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा.

गणपतीच्या आधीचा आठवडा पूर्ण टाळा. मुंबईचे चाकरमानी कोंडी चुकवायला पुणे–सातारामार्गे येतात आणि तीच गर्दी कुंभार्ली नि गगनबावड्यात अडकते.

पत्रादेवीनंतर गोवा पटकन संपतो. मांडवीवर २०१९ चा अटल सेतू आहे, झुआरीचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. वेळ खातो तो काणकोणआधीचा करमल घाट, दुपदरी आणि वळणावळणाचा. तिथे ओव्हरटेकचा हट्ट सोडा.

समुद्र खरा भेटतो तो कारवारला, आणि मग बैंदूरच्या पुढे मरवंतेला, जिथे एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. मुक्काम उडुपी किंवा कुंदापूरला असा बसवा की मरवंते दिवसा लागेल. कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला पडला. त्याआधी तीन आठवडे, १६ जुलैला, अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळून माणसं नि वाहनं गंगावळीत गेली होती. कारण तेच, उभा कापलेला डोंगर. जून ते सप्टेंबर शक्यतो हा प्रवासच ठेवू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

केरळात सहापदरीकरण चाललंय. दाट वस्तीमुळे तिथे रुंदी ४५ मीटरवर आणली, म्हणून काम सुरू असेल तिथे सगळी वाहतूक अरुंद सेवा रस्त्यावर येते. थलश्शेरी–माहे बायपास २०२४ पासून खुला आहे, तोच घ्या. बाकी केरळात ताशी ३५–४० किमीचाच हिशोब धरा, आणि तळपाडीची कर्नाटक–केरळ सीमा ओलांडल्यावर कन्याकुमारीपर्यंत किमान दोन मुक्काम ठेवा.